गोळीच्या वाट्याचं, माझ्या वाट्याचं

ओलान्झापिनची गोळी घेतल्यावर तासाभराने मला भूक लागते. जेवण होऊन फार वेळ झालेला नसतो, पोट जड असतं, तरी लागते. ही भूक दुसऱ्याला सांगणं अवघड जातं, कारण भूक म्हटलं की प्रत्येकाला आपापली आठवते: शाळेतून आल्यावरची, प्रवासातली, उपासाच्या संध्याकाळची. त्या भुकेला शेवट असतो, चार घास पोटात गेले की ती शमते. माझ्या या भुकेला पोळी दिली तरी ती तेवढीच राहते, दुसरी दिली तरी तेवढीच. घर झोपलेलं असतं. डब्याच्या झाकणाखाली अंगठ्याचं नख घालायचं, दुसऱ्या हाताचा तळवा झाकणावर ठेवायचा आणि मग ते उचलायचं, म्हणजे स्टीलचा आवाज होत नाही. हे मला आता सवयीने येतं. आमच्या घरात कोणी माझ्या पोळ्या मोजत नाही, कधी कोणी टोकलेलंही नाही. तरी मी आवाज होऊ देत नाही. का होऊ देत नाही, याचा जाब मला स्वतःलाच द्यायचा आहे.

मला स्किझोफ्रेनिया आहे. सव्विसाव्या वर्षी निदान झालं, आता चाळिशी ओलांडली. आजार ऐन भरात होता तेव्हा मी आईच्या हातचं जेवण सोडलं होतं. त्यात काहीतरी कालवलेलं असतं अशी माझी खात्री होती. शंका नव्हे, खात्री. आई माझ्यासमोर आधी स्वतः घास घ्यायची आणि मग ताट पुढे करायची. तरी मला वाटायचं की तिच्या बाजूचा भात वेगळा आणि माझ्या बाजूचा वेगळा. बंद पुड्यातली बिस्किटं आणि नळाचं पाणी यांवर मी दिवस काढत होते. झोप तर त्याच्याही आधी गेली होती. रात्र रात्र मी दाराच्या कडीकडे बघत बसायचे. दादाने डॉक्टरांकडे नेलं तेव्हा माझ्या बांगड्या मनगटातून आपोआप निसटत होत्या, असं आईने नंतर सांगितलं. मला ते आठवत नाही.

औषधाने आधी झोप दिली, मग भूक दिली. कानात येणारे आवाज मागे हटायला त्यानंतर कितीतरी आठवडे लागले. एके दिवशी जेवताना मी आईकडे आणखी आमटी मागितली. ती उठून आत गेली आणि वाटी घेऊन यायला तिला बराच वेळ लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात माझं जेवण हाच मी बरी असल्याचा पुरावा झाला. मावशीशी फोनवर बोलताना आई ‘बरी आहे’ असं म्हणत नसे, ‘जेवते आता पोटभर’ असं म्हणे. आजही माझी झोप दोन रात्री मोडली की दादा काही न बोलता डॉक्टरांची तारीख बघतो, आणि त्याचं चुकत नाही. माझा आजार परततो तेव्हा झोपेच्या वाटेनेच येतो.

म्हणून पुढचं सगळं मला हे लक्षात ठेवून लिहायला हवं. आजाराने माझ्याकडून जे नेलं तेच औषधाने परत आणलं, फक्त आणताना माप ठेवलं नाही. जे औषध मला आईच्या ताटाशी परत घेऊन आलं त्याला वैरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण वजन, साखर, सकाळची सुस्ती हे सगळं ‘बरं होण्याच्या बदल्यात एवढं चालायचंच’ असं म्हणून मुकाट्याने सोसायचं, हेही मला पटत नाही.

वजन पहिल्या काही महिन्यांतच भराभर वाढलं. या औषधांचं बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं, सुरुवातीची वाढ सर्वांत वेगाने होते. आमच्या शिंप्याने ब्लाउजची एका बाजूची माया सोडली, मग दुसऱ्या बाजूची सोडली, आणि नंतर म्हणाला, ‘ताई, आता आत कापड राहिलं नाही.’ तोवर ५२ किलोंची मी ६८ वर गेले होते. सुरुवातीला ज्या डॉक्टरांकडे जात होते तिथे वजनकाटा होता, पण तो सामानाच्या खोक्यांमागे उभा करून ठेवलेला असे. ‘आवाज येतात का, झोप लागते का, जेवण होतं का’ असे तीन प्रश्न विचारले जात आणि तिन्हींची माझी उत्तरं चांगली असत. मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या क्षेत्रांतल्या अमेरिकेतल्या संघटनांनी २००४ सालीच एकत्रितपणे सांगून ठेवलं आहे की ही औषधं सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबी यांची नोंद करावी. वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला पुन्हा बघावं, साखर बाराव्या आठवड्याला बघावी आणि नंतरही ठरावीक काळाने तपासत राहावं. आपल्याकडे बाईच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं असतं. शिंप्याकडच्या टेपने होण्यासारखं हे काम आहे. ते वेळेवर झालं असतं तर सोळा किलो चढायची वाट बघावी लागली नसती. याचा राग माझ्यात आहे आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. कारण वाढलेलं वजन उतरवणं हे वाढू न देण्यापेक्षा फार कठीण, आणि ते कठीण काम पूर्णपणे पेशंटच्या अंगावर पडतं.

या भुकेचं शास्त्र मी नंतर समजून घेतलं. मेंदूत हिस्टामिनचा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहे आणि सेरोटोनिनच्या अनेक ग्राहकांपैकी एक असा आहे, ज्यांच्याकडून ‘आता पुरे’ हा निरोप जातो. ओलान्झापिन आणि त्याच्याच गटातलं क्लोझापिन ही औषधं हे दोन्ही ग्राहक अडवून धरतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते तीही हिस्टामिनचा हाच ग्राहक अडवल्यामुळे. म्हणजे माझी रात्रीची भूक आणि सकाळची झोप यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. शिवाय साखर बिघडते ती केवळ वजनामुळे नाही, वजन फारसं न वाढताही ती बिघडू शकते. हे वाचलं तेव्हा मला मोकळं वाटलं. इतकी वर्षं नातेवाइकांचं ‘जिभेवर ताबा हवा’ ऐकून मीही तेच मानायला लागले होते.

अमेरिकेत झालेल्या आणि ‘केटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली आले. सुमारे दीड हजार रुग्ण होते, अठरा महिने त्यांना वेगवेगळी औषधं दिली होती. ओलान्झापिन घेणारे आपल्या औषधावर सर्वांत जास्त काळ टिकले. वजनही त्यांचंच सर्वांत जास्त वाढलं, महिन्याला सरासरी ०.९ किलो. आणि तरीही त्यांतल्या ६४ टक्के लोकांनी अठरा महिने पुरे व्हायच्या आत ते सोडलं होतं. या आकड्यांत मला माझं घर दिसतं. औषध उपयोगाचं आहे, अंगावर चढणारं आहे, आणि ते घेत राहणं सोपं नाही.

आता माझ्या वाट्याचं. रात्री दहा-साडेदहाची भूक गोळीची आहे, हे मी मान्य केलं. पण संध्याकाळी पतसंस्थेतल्या नोकरीवरून सुटल्यावर साताऱ्यातल्या राजवाड्यावरच्या चौपाटीकडे माझी पावलं वळतात, ती कोणाची? तेव्हा आदल्या रात्रीची गोळी अंगात थोडीफार असते हे खरं, कारण ओलान्झापिन अर्धं उतरायलाच साधारण तीस तास घेतं. तरी त्या भेळेत माझा कंटाळाही असतो. दिवसभर व्हाउचरं जुळवून आलेला शीण असतो, आणि घरी गेल्यावर ‘आज कसं वाटतंय’ हा प्रश्न येणार त्याच्या आधी दहा मिनिटं कोणाच्या नजरेखाली न राहण्याची इच्छा असते. मी ही भेळसुद्धा गोळीच्या खात्यावर टाकू लागले तर तो खोटा हिशेब होईल. ते करायची सोय मला फार आहे. ‘औषधामुळे होतं’ असं म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो, कारण कोणालाच त्या विषयात पुढे जायचं नसतं. ते गप्प होणं मला आवडतं, हे मी स्वतःपासून लपवू नये.

उलट बाजूनेही असाच खोटेपणा होतो. पेढा खाल्ला की मला वाटतं, आपण कमकुवत मनाच्या आहोत, आजार झाला तोही म्हणूनच. साताऱ्यात पेढ्यांपासून लांब राहणं सोपं नसतं. येणारा पाहुणा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, जाणाराही घेऊन जातो. पेढा खाणं ही साधी गोष्ट आहे. तिच्यावरून आजाराचा न्यायनिवाडा करणं हे जुन्या आजाराचंच बोलणं आहे, असं मला दिसू लागलं आहे. पूर्वी आवाज बाहेरून येऊन मला नावं ठेवायचे. आता ते काम मी स्वतः करू नये.

डब्याच्या झाकणाचा आवाज मी होऊ देत नाही तो याच गोंधळातून. रात्रीची भूक गोळीची असेल तर लाजायचं कारण नाही आणि माझी असेल तर लपवून ती कमी होणार नाही. पण मला लाज वाटते ती खाण्याची नसते. उठून स्वयंपाकघरात आले म्हणजे ही जागी आहे हे घराला कळेल, मग दादा तारीख बघेल, आणि आईच्या चेहऱ्यावर ती जुनी वर्षं येतील, याला मी भिते. म्हणजे खाण्याची लपाछपी दिसते ती खरं तर झोपेच्या बाबतीतली आहे. हे मला लिहिता लिहिता कळतं आहे.

झोपेबद्दल लोकांना वाटतं की जास्त झोप म्हणजे सुख. सकाळी आठला उठल्यावर दोन तास माझं डोकं ओल्या कापडात गुंडाळल्यासारखं असतं. साडेदहाला मला पतसंस्थेत आकडे लिहायचे असतात आणि एका शून्याने कोणाच्या तरी ठेवीचा घोटाळा होऊ शकतो. पूर्वी मी गोळी रात्री अकराला, सगळं आवरल्यावर घ्यायचे. डॉक्टरांनी ती साडेनऊवर आणायला सांगितली, जेवणानंतर लगेच. एवढ्याने सकाळ अर्ध्या तासाने तरी मोकळी झाली. मला दिवसा पेंग यायची तिचं खापरही मी गोळीवर फोडत होते. वहिनीने सांगितलं की मी घोरते आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो. वजन वाढलं की मानेभोवती चरबी साठून झोपेत श्वास अडतो आणि रात्रभर झोपूनही माणूस थकलेला उठतो. हे गोळीने झालेलं नाही आणि झालेलंही आहे. अशा जागी वाटणी करता येत नाही, तपासणी करता येते. ती मी करून घेतली.

नातेवाइकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यावर जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही. ‘सोमवार धर, वजन आपोआप उतरेल’ असं सांगणाऱ्या प्रत्येकीला मी आता एकच गोष्ट सांगते. दिवसभर रिकामं पोट, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, दाण्याचं कूट, आणि वर ही गोळी, असं झालं की त्या रात्री मी जेवढं खाते तेवढं कोणत्याच रात्री खात नाही. उपासाने मला मनाची ताकद मिळत असेल तर ती मी देवळात जाऊन मिळवीन.

एक विचार वरचेवर येतो आणि त्याच्याकडे मी सरळ बघायला हवं. गोळी अर्धी करावी. कोणाला सांगू नये. फक्त दोन महिने. हा विचार साखरेचा रिपोर्ट हातात असताना येत नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.९ टक्के आली, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यात. तेव्हा मला भीती वाटली, पण गोळी अर्धी करावीशी वाटली नाही. ती इच्छा होते मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका येते तेव्हा. म्हणजे तब्येत हे कारण नाही. सोळा किलोंपूर्वीची मी ज्यांना आठवते त्यांच्यासमोर मला तीच दिसायचं आहे. ही इच्छा वाईट नाही. चांगलं दिसावं असं बाईला वाटणं यात गुन्हा कसला? पण त्या इच्छेला मी तब्येतीचं नाव दिलं की ती मला फसवू शकते, म्हणून तिला तिच्या नावानेच हाक मारायची.

तब्येतीचाच विचार करायचा तर तो पुरता करावा. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी दहा ते वीस वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हृदयविकार, मधुमेह यांसारख्या टाळता येण्याजोग्या आजारांचा वाटा मोठा आहे. हे वाचून मी कितीतरी वेळ बसून होते. मग वाटलं, याला औषधच जबाबदार. पण फिनलंडमध्ये हजारो रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी तपासून २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जो अभ्यास आला, त्यात औषध मुळीच न घेणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. सर्वांत कमी दिसलं ते क्लोझापिन घेणाऱ्यांत, जे वजन वाढवण्यात ओलान्झापिनच्या जोडीला बसणारं औषध आहे. नोंदींवरच्या अभ्यासाला मर्यादा असतात, पण चोरून गोळी अर्धी करण्याच्या बाजूने मला त्यात काहीच सापडलं नाही. आजारात माणूस स्वतःची काळजी घेणं सोडतो, जेवत नाही, डॉक्टरकडे जात नाही. मी ते जगले आहे.

सर्वांत कठीण भाग आईचा. ती पंच्याहत्तरीला आली आहे. तिसऱ्या पोळीला मी ‘नको’ म्हटलं की तिचा हात ताटावर तसाच थांबतो. ‘का गं? बरं नाही का वाटत?’ या प्रश्नात काय आहे ते मला माहीत आहे. वहिनी एकदा माझ्या बाजूने बोलली तर आई तिला म्हणाली, ‘आता कुठे हिच्या पोटात चार घास जायला लागलेत, त्यावर तुम्ही बंदी घालू नका.’ मी पुन्हा जेवू लागले त्याला चौदा वर्षं झाली, पण आईच्या लेखी ते ‘आता कुठे’च आहे. तिला कॅलरी समजावून काही होणार नव्हतं. मी शेवटी तिला सांगितलं की मला तुझ्या हातचंच खायचं आहे, फक्त आधी कोशिंबीर आणि आमटी दे, भाकरी मागाहून. पोटात आधी काकडी, मुळा, मुगाची आमटी गेली की ज्वारीच्या एका भाकरीवर भागतं. आई आता कोशिंबिरीत दाण्याचं कूट कमी घालते आणि ताक पातळ करते, म्हणजे जास्त वेळा वाढता येतं. वाढायला मिळणं तिच्यासाठी गरजेचं आहे, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नाही.

रात्रीच्या भुकेसाठी मी आता, झाकणाला हात लावायची वेळ कमी यावी म्हणून, फुटाण्यांची छोटी वाटी आधीच भरून ओट्यावर ठेवते. ती पुरते असं नाही. काही रात्री मी त्यानंतरही पोळी-गूळ खाते. तोंड कोरडं पडतं तेव्हा सरबताऐवजी पाणी पिते, आणि चहा बिनसाखरेचा करायला मला फार जड गेलं. सकाळी डोकं हलकं झालं की टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून जाते, उशिरा झालं तर घराभोवतीच फिरते. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध सुरू केलं आहे. त्याने अशा पेशंटांचं वजन सरासरी तीनेक किलो कमी राहतं, माझं साधारण तेवढंच उतरलं. सुरुवातीला पोट बिघडायचं, जेवणाबरोबर घ्यायला लागल्यापासून थांबलं. हे सगळं मी करू शकते, कारण घरी वहिनी आहे, भाजी आणायला दादा आहे, गोळ्यांना पैसे आहेत. ज्या बाईला नवऱ्याने ‘वेडी’ म्हणून माहेरी पाठवलं आणि भावाच्या घरी जे उरेल ते खावं लागतं, तिला मी काकडी-मुळ्याच्या गोष्टी सांगू शकत नाही. ओपीडीच्या बाकावर अशा बायका माझ्या शेजारी बसतात. त्यांचं वजन वाढलेलं असतं आणि त्यांना ते कोणी विचारत नाही. मी त्यांना एवढंच सांगते की काट्यावर उभं करा असं डॉक्टरांना म्हणा, ते नाही म्हणणार नाहीत.

औषध बदलायचा प्रश्न उरतो. अरिपिप्रॅझोल या याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाने वजन फार वाढत नाही, झोपही कमी येते. काहींना त्याने आतून अस्वस्थ वाटतं, एका जागी बसवत नाही. बदल करायचा तर जुनं हळूहळू उतरवत, नवं हळूहळू चढवत, कित्येक आठवडे जातील, आणि त्या काळात माझी झोप सगळ्यांना डोळ्यांत तेल घालून बघावी लागेल. मी घाबरते आहे. ओलान्झापिनवर माझ्या डोक्यात शांतता आहे आणि ती पणाला लावण्याइतकं ६५ किलो हे संकट आहे का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, साखरेकडे बघून विचार करू, आरशाकडे बघून नको, आणि निर्णय तुमचाही आहे. पतसंस्थेत मार्चअखेर म्हणजे रात्री आठपर्यंतचं काम. त्या धावपळीत हे नको, एप्रिलमध्ये पुन्हा साखर तपासू आणि ती वर सरकलेली असली तर बदलाला सुरुवात करू, असं आमचं ठरलं आहे. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी वहिनी माझं वजन आणि कंबर मापून वहीत लिहिते.